आभार कुणाचे मानू?

*ताई, तीन वर्षांपूर्वी माझी देवावरची श्रद्धा संपली. काही वाईट घडलं नव्हतं, कुणाशी भांडणही नव्हतं. प्रश्न पडत गेले आणि एक दिवस लक्षात आलं की आता आत काही उरलेलं नाही. सुरुवातीला फार हलकं वाटलं. पापाची धास्ती गेली, शांत झोप लागायला लागली. गेल्या महिन्यात भावाला मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी तिच्या तळहातावर मी बोट ठेवलं, तर तिने ते घट्ट धरलं. मला एकदम भरून आलं. कुणाचे तरी आभार मानावेत असं आतून वाटलं आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली. शेजारी आई होती. म्हणाली, "बघ, आता तरी पटलं?" मी गप्प बसले. तेव्हापासून डोक्यात घोळतंय. मी सुखी आहे असं सगळ्यांना सांगते, ते खरं की मी स्वतःलाच फसवतेय? आणि देव न मानणाऱ्याने भरून आल्यावर करायचं काय?*
*– एक आत्या*

प्रिय आत्याबाई,

आधी अभिनंदन! या सगळ्या वैचारिक धुमश्चक्रीत तुझं अभिनंदन करायचं कुणाला सुचलं की नाही, कोण जाणे.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या 'लाज' शब्दापाशी अडखळले. श्रद्धा सोडताना भरून येण्याचा हक्कही आपण सोडून आलो आणि आता चोरून वापरताना पकडले गेलो, असं काहीसं तुला वाटलेलं दिसतं. हा करार तू कधी केलास? विस्मयाचा अभ्यास करणाऱ्या डेकर केल्टनर आणि जोनाथन हाइट या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये त्याची दोन लक्षणं मांडली: समोरचं आपल्यापेक्षा फार मोठं वाटणं, आणि डोक्यातल्या चौकटीत ते न मावणं. यात देव असायलाच हवा असं नाही. नसायलाच हवा असंही नाही. तू आणि तुझी आई एकाच पाळण्यापाशी उभ्या होतात, दोघींच्याही चौकटीत ती मूठ मावली नाही, इतकंच.

मुठीचंच बघ. तळहाताला काही लागलं की बोटं मिटतात, ही प्रतिक्षिप्त क्रिया बाळ आईच्या पोटात असल्यापासूनच करतं. माकडांची पिल्लं आईच्या केसांना अशीच घट्ट धरून असतात; आपली मूठही बहुधा त्याच वारशातली. आपल्या आयांच्या अंगावर धरायला तेवढे केस राहिले नाहीत, मूठ मात्र राहिली. त्या बोटांतून फिरणाऱ्या रक्तात जे लोह आहे, ते सूर्याच्याही आधीच्या ताऱ्यांमध्ये तयार झालेलं आहे, आणि सूर्याचंच वय ४६० कोटी वर्षांच्या घरात आहे. आता सांग, हे कळल्यावर तुझ्या बोटाभोवतीची पकड सैल झाली का? माझ्या अंगावर तर हे लिहितानाही काटा आला.

आता आभार. ते मनातून आले असतील तर गिळू नकोस, पत्ता शोध. मी एक सुचवते. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस नावाचा डॉक्टर होता. तिथल्या एका प्रसूती विभागात एप्रिल १८४७ मध्ये दर शंभरातल्या अठरा बाळंतिणी दगावल्या. शवविच्छेदन करून डॉक्टर तसेच बाळंतिणींना तपासायला येत, हे त्याने हेरलं आणि मे महिन्यात क्लोरीनच्या द्रावणाने हात धुण्याची सक्ती केली. जूनमध्ये ते प्रमाण शंभरात दोनच्या आसपास आलं. त्याचं म्हणणं बहुतेक सहकाऱ्यांना पटलं नाही, आणि १८६५ मध्ये तो वेड्यांच्या इस्पितळात मेला. तुझ्या वहिनीला तपासणाऱ्या प्रत्येक हातामागे तो उभा होता. शिवाय त्या रात्री जागलेली नर्स आहे, जिचं नाव तुम्ही कुणी विचारलंही नसेल. आणि खुद्द वहिनी! बाळ बघायला आलेल्यांपैकी किती जणांनी तिचे आभार मानले? सुरुवात तिथून कर. त्यानंतरही थोडे आभार उरतील, ज्यांना पत्ता नाही. ते तसेच राहू देत. बिनपत्त्याचं पाकीट जवळ बाळगलं म्हणून कुणी ढोंगी ठरत नाही.

(मी स्वतः मानते की नाही, हे विचारू नकोस. माझं उत्तर दर पाच वर्षांनी बदलतं आणि त्याचं मला आता काही वाटेनासं झालंय.)

तू सुखी आहेस का, याचं उत्तर मी देऊ शकत नाही. पण एक गोष्ट खटकली. तू सुखी असल्याचं 'सगळ्यांना सांगतेस'. का सांगावं लागतं? धर्म सोडलेल्या माणसाच्या मागे हा एक ससेमिरा लागतो. तो जरा उदास दिसला की नातेवाईक म्हणणार, बघा, आम्ही म्हणत नव्हतो? मग तो सर्दी झाली तरी हसत फिरतो. तुझा आनंद तू साक्षीला उभा केला आहेस, आणि रोज उलटतपासणी झाली तर भलाभला साक्षीदारही गडबडतो. वाईट दिवस वाईट म्हणून जाऊ दे. आस्तिकांनाही ते येतात आणि त्यावरून देवाचा निकाल कुणी लावत नाही.

मात्र तुझं काही खरोखर गेलं असण्याचीही शक्यता आहे, आणि ते तुझ्या पत्रात नाही. अमेरिकेत रॉबर्ट पटनम आणि चेयून लिम यांनी २०१० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. धार्मिक माणसं आयुष्याबद्दल जास्त समाधानी का असतात, हा प्रश्न होता. त्यांना दिसलं ते असं: जे प्रार्थनेला नियमित जातात आणि तिथे ज्यांचे जिवाभावाचे मित्र असतात, ते जास्त समाधानी. एकट्याने केलेल्या प्रार्थनेचा किंवा देव जवळ असल्याच्या भावनेचा त्यापलीकडे स्वतंत्र परिणाम फारसा दिसला नाही. तेव्हा मला सांग, तीन वर्षांत तू कुणाबरोबर सूर लावून गायली आहेस? ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी तू आली नाहीस तर 'का गं आली नाहीस?' विचारणारं कोण आहे? श्रद्धा गेली ती गेलीच, पण तिच्याबरोबर वेळापत्रकही गेलं. ते पुन्हा हाताने बांधावं लागतं. गाण्याचा गट, पक्षी बघणारे, डोंगर चढणारे, काहीही चालेल. अट एकच, माणसं तीच हवीत आणि वार ठरलेला हवा. मोबाइलवरचा ग्रुप यात धरत नाही.

वार ठरवण्याबद्दल चार्ल्स डार्विनचं सांगते. त्याची श्रद्धाही अशीच सावकाश गेली, इतकी सावकाश की त्रास असा झाला नाही, असं त्याने लिहून ठेवलंय. म्हातारपणी त्याला खंत होती ती वेगळीच. कविता आणि संगीत यांची गोडी पार आटली होती. पुन्हा जगायला मिळालं, तर आठवड्यातून एकदा तरी थोडी कविता वाचायची आणि थोडं संगीत ऐकायचं असा नियमच करीन, असं तो म्हणाला. पण नवल वाटणं काही आटलं नव्हतं. गांडुळांच्या कुंड्या पियानोवर ठेवून, सूर वाजवला की ती बिळात पळतात का, हे तो बघत बसे. (पळत.) गांडुळांवरचं त्याचं पुस्तक १८८१ मध्ये आलं आणि पुढच्याच वर्षी तो गेला. त्याचा तो नियम तू आत्ताच उचल, म्हातारपणाची वाट बघू नकोस.

आईशी वाद घालू नकोस. तिचा प्रश्न 'पटलं का?' असा होता, तू त्याआधीच्या क्षणाचं उत्तर दे. "आई, मलाही भरून आलं होतं," एवढंच म्हण. पुढे ती काही म्हणाली तर ऐकून घे. एका वाक्यात तू काही कबूल केलेलं नाहीस, आणि तिला मात्र कळेल की तिची लेक दगड झालेली नाही. मला वाटतं, तिची खरी भीती तीच आहे.

आणि भाचीकडे लवकर जाऊन ये. ती आपोआप मिटणारी मूठ पाच-सहा महिन्यांत जाते. त्यानंतर ती तुझं बोट धरेल ते तिला हवं असेल तेव्हा.

– तुझी ताई