नर्सिंगला जाण्याआधी : वाचकांचे प्रश्न

बारावीच्या निकालाच्या सुमाराला दरवर्षी तेच प्रश्न, तोच गोंधळ. मुंबईत सिस्टर ट्यूटर म्हणून सत्तावीस वर्षं काढली, म्हणून पत्रं माझ्याकडे येतात. बहुतेकांना एक-दोन ओळी पुरतात. एका प्रश्नाला मात्र नाही पुरणार.

प्रश्न : मुलगी बारावी कॉमर्स आहे. नर्सिंगला जाता येईल का? (पालक, डोंबिवली)

जीएनएमला (तीन वर्षांचा नर्सिंग डिप्लोमा) येईल, बीएस्सी नर्सिंगला (पदवी) नाही. जीएनएमला कोणत्याही शाखेची बारावी चालते. एकूण 40 टक्के हवेत आणि इंग्रजीत पास हवं. बीएस्सीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं. जीएनएम झाल्यावर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं. अर्ज भरण्याआधी सीईटी सेलची (राज्याचं प्रवेश परीक्षा कार्यालय) यंदाची माहितीपुस्तिका वाचा.

प्रश्न : मुलग्यांना घेतात का? (विद्यार्थी, कुर्ला)

जीएनएम आणि बीएस्सीला घेतात. एएनएम, म्हणजे सहाय्यक परिचारिकेचा कोर्स, फक्त मुलींसाठी.

प्रश्न : स्टेशनजवळच्या एका क्लासवाल्यांनी सहा महिन्यांत नर्स आणि नोकरीची हमी असं सांगितलंय. आज पैसे भरले तर सूट आहे. भरू का? (आई, कळवा)

भरू नका. एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन, बीएस्सी चार. त्यानंतर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होते, तेव्हा नर्स होता येतं. रुग्णसाहाय्यकाचा छोटा कोर्स वेगळा असतो आणि ते कामही कष्टाचं, मानाचं आहे. पण तो नर्सिंग म्हणून विकणं ही उघड फसवणूक आहे, आणि त्यात गरिबाच्या पोरींची वर्षं जातात. ‘सरकारमान्य’ या शब्दावर जाऊ नका. संस्थेचं नाव राज्य परिषदेच्या आणि भारतीय परिचर्या परिषदेच्या यादीत आहे का, ते स्वतः बघा. बीएस्सी असेल तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्नता आहे का, तेही बघा. शंका राहिली तर परिषदेत जाऊन विचारा. मूळ मार्कशीट एजंटच्या हाती देऊ नका.

प्रश्न : मुलीचं पहिलं वर्ष सुरू होतंय. कावीळ-बीची (हिपॅटायटिस बी) लस ‘कॉलेज देईल तेव्हा घेऊ’ म्हणते. आजी म्हणतात, लहानपणी सगळ्या लसी झाल्यात. घाई आहे का? (आई, नालासोपारा)

आहे. आजच जुनं लसीचं कार्ड शोधा. ही लस सरकारी कार्यक्रमात देशभर आली 2011 मध्ये. तुमची मुलगी त्याआधी जन्मलेली. तिला दिली असेल तर कार्डावर असेल. कार्डावर नसेल तर झालेली नाही असं धरा आणि फिजिशियनकडे जा.

डोस तीन : आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. तिसऱ्यानंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएसची रक्ततपासणी, म्हणजे लसीने अंगात संरक्षण तयार झालं का ते बघणारी. आकडा 10 किंवा जास्त आला तर लस लागू पडली. कमी आला तर पुढचं डॉक्टर ठरवतील. म्हणजे सात-आठ महिने गेले, आणि वॉर्डातली पोस्टिंग तोवर थांबत नाही. लस न घेतलेल्याला बाधित रुग्णाची सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता 6 ते 30 टक्के. एचआयव्हीची सुमारे 0.3 टक्के. पालक मला एचआयव्हीबद्दल विचारतात, आणि ज्या आजाराची लस आहे तो ‘नंतर बघू’ वर टाकतात. याचा मला मनापासून राग येतो. कावीळ-बीचा विषाणू सुकलेल्या रक्तातही सात दिवस टिकतो.

माझ्या एका विद्यार्थिनीने पहिला डोस घेतला, दुसरा ‘परीक्षेनंतर’ म्हणून राहिला. दुसऱ्या वर्षाला सुईला टोपण परत लावताना बोटात टोचली. टोपण परत लावायचं नसतं, हे मी पहिल्याच आठवड्यात शिकवायची. ओरडा बसेल म्हणून तिने दोन दिवस कुणाला सांगितलं नाही. पुढे सहा महिने तिच्या तपासण्या चालल्या. प्रत्येक रिपोर्टच्या आदल्या रात्री ती होस्टेलच्या जिन्यात बसून असायची.

म्हणून मुलीला हे आत्ताच सांगून ठेवा : सुई टोचली तर साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायचं, पिळायचं नाही, त्याच मिनिटाला इंचार्ज सिस्टरला सांगायचं. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं द्यायची ठरली तर शक्यतो दोन तासांत सुरू व्हावी लागतात, 72 तासांनंतर उपयोग नाही. कावीळ-बीसाठी इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटीबॉडींचं इंजेक्शन) लागलं तर 24 तासांच्या आत दिलेलं बरं. निर्णय डॉक्टरांचा, पण त्यांना कळलं तर ना! आणि एक डोस चुकला की पुन्हा पहिल्यापासून, ही ऐकीव गोष्ट सोडा. राहिलेला डोस घ्यायचा. तारीख डॉक्टरांकडून लिहून घ्या.

प्रश्न : कांजिण्या झाल्या होत्या की नाही, घरात कुणाला आठवत नाही. (विद्यार्थिनी, भांडुप)

रक्ततपासणीत कळतं. झाल्या नसतील तर लसीचे दोन डोस असतात, पण ती जिवंत विषाणूंची लस आहे; चालू औषधं डॉक्टरांना सांगूनच घ्या.

प्रश्न : चष्मा चालतो का? (विद्यार्थी, मुलुंड)

चालतो.

प्रश्न : जात वैधता प्रमाणपत्र प्रवेशानंतर काढलं तर? (पालक, मानखुर्द)

प्रवेशाची वाट बघू नका. पडताळणी समितीकडे वेळ लागतो, आणि राखीव जागा कागदासाठी हातची जाते. अर्ज आधी करा, पावती जपून ठेवा.

प्रश्न : मला लहानपणापासून दमा आहे. फिटनेस सर्टिफिकेटच्या वेळी सांगितलं नाही तर चालेल ना? (विद्यार्थिनी, विरार)

नाही चालणार. नुसत्या दम्यामुळे नर्सिंग बंद होईलच असं नाही. पण फिनाइलचा वास, टीबीचे रुग्ण, रात्रपाळी आणि विरारची लोकल हे सगळं एकदम अंगावर येतं. छातीच्या डॉक्टरांना आधी भेटा, त्यांच्याकडून लेखी घ्या आणि ते कॉलेजला दाखवा. इनहेलर युनिफॉर्मच्या खिशात ठेवायचा, होस्टेलच्या कपाटात नाही.