लघुपटातील प्रसंगासाठी पार्श्वसंगीताचा प्रकार कसा निवडावा?

आपण लिहिले आहे की मोफत संगीताचा मोठा साठा आपल्या हाताशी आहे, त्यात ‘आनंदी’, ‘दुःखी’, ‘थरारक’ असे कप्पेही पाडलेले आहेत, तरीही त्यातला तुकडा दृश्याखाली ठेवला की दृश्य खोटे वाटू लागते. मी बरीच वर्षे हौसेने लघुपटांचे संकलन करतो, आणि माझ्या मते घोटाळा त्या कप्प्यांतच आहे. जी भावना चेहऱ्यावर आणि संवादात आधीच उघड दिसते, तीच संगीताने पुन्हा उच्चरवाने सांगितली की प्रेक्षक सावध होतो, कारण आपल्याकडून रडणे किंवा हसणे वसूल केले जात आहे हे त्याच्या लक्षात येते. म्हणून ‘या प्रसंगाला कोणता संगीतप्रकार शोभेल?’ असे विचारण्याआधी ‘या प्रसंगात असून दिसत नाही असे काय आहे?’ हे स्वतःला विचारावे.

एका लघुपटात एक वृद्ध गृहस्थ राहते घर कायमचे बंद करून निघतात, असा दीड मिनिटाचा प्रसंग होता. मी अर्थातच आधी व्हायोलिन लावले. नटाने डोळ्यांत जे मोठ्या संयमाने राखले होते, ते व्हायोलिनने चव्हाट्यावर आणले. पियानोने तेच केले, फक्त थोड्या सभ्यपणे. कंटाळून मी जॅझचा एक संथ, जवळजवळ खुशालचेंडू तुकडा ठेवून पाहिला. त्यात ड्रमवर ब्रश फिरत होते आणि डबल बास निवांत चालला होता. एकदम त्या रिकाम्या खोल्यांत पूर्वी माणसे होती, कधी काळी तिथे संध्याकाळी गाणी वाजत असतील, असे वाटू लागले. दुःख नटाकडे होतेच. घराचे चांगले दिवस मात्र चित्रात कुठेच नव्हते, ते संगीताने आणले. कुलपाचा खट् आवाज आला तिथे मी संगीत तोडले आणि शेवटची पंधरा सेकंदे नुसती पावले ऐकू दिली.

संगीतप्रकाराला ठरावीक भावना चिकटलेली नसते, याचा सर्वांत चांगला दाखला १९६० च्या ‘सायको’ या चित्रपटात मिळतो. संगीतकार बर्नार्ड हरमन यांनी त्यासाठी केवळ तंतुवाद्यांचा ताफा वापरला. प्रेमप्रसंगांत हमखास वाजणारी तीच व्हायोलिने तिथे किंचाळतात, आणि विशेष म्हणजे स्नानगृहातल्या खुनाच्या प्रसंगाला संगीत नकोच, असे दिग्दर्शक हिचकॉक यांचे आधी मत होते. वाद्य तेच, पण लय, सप्तक आणि आघात बदलले की भावना बदलते. प्रकाराचे नाव मात्र स्थळकाळाचा वास घेऊन येते, एवढे भान ठेवावे: बँजो वाजला की अमेरिकेतला गावभाग डोळ्यांपुढे येतो, जुन्या पद्धतीचा सिंथेसायझर वाजला की १९८० चे दशक. तसा संदर्भ नको असेल, तर तुकडा कितीही गोड असला तरी तो बाजूला ठेवावा.

त्यामुळे मी साठ्यात शोधताना आधी लय ठरवतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत चार ठोक्यांचा एक बार बरोबर दोन सेकंदांचा होतो आणि ६० च्या लयीत चार सेकंदांचा. आपले शॉट साधारण किती लांबीचे आहेत हे पाहिले की कोणती लय त्यांच्याशी भांडणार नाही, याचा अंदाज येतो. प्रत्येक कट ठोक्यावरच पाडण्याचा मोह आवरावा, नाहीतर लघुपट जाहिरातीसारखा वाटू लागतो.

दुसरी कसोटी संवादाची आहे. बोलण्यातली व्यंजने स्पष्ट कळण्यासाठी साधारण २००० ते ४००० हर्ट्झचा पट्टा फार महत्त्वाचा असतो, आणि झांजा, जोरात छेडलेली गिटार किंवा वरच्या सप्तकातले व्हायोलिन नेमके तिथेच गर्दी करतात. संवादाखाली संगीत हवेच असेल तर विरळ, कमी वाद्यांचे आणि शब्द नसलेले घ्यावे, त्या पट्ट्यात ते इक्वलायझरने (ठरावीक पट्ट्यातला आवाज कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) थोडे उतरवावे आणि त्याची पातळी संवादापेक्षा १५ ते २० डेसिबल खाली ठेवावी. समजणाऱ्या भाषेतले गाणे संवादाखाली ठेवणे म्हणजे दोन माणसांना एकाच वेळी बोलायला लावणे होय.

एकदा मी एका तणावाच्या प्रसंगाखाली नुसता खर्जातला एक अखंड सूर ठेवला होता. हेडफोनवर तो अंगावर येत होता. पण मित्राने मोबाइलवर पाहिले आणि ‘इथे संगीत टाकायचे राहिले का?’ असे विचारले. मोबाइलचे छोटे स्पीकर इतका खोल आवाज जवळजवळ देतच नाहीत. तेव्हापासून अंतिम निवड मी मोबाइलवर ऐकूनच करतो, आणि त्याआधी तोच प्रसंग एकदा संगीताशिवायही पाहतो. कित्येकदा तो तसाच बरा असतो.

मोफत साठ्याबद्दल एक सावधगिरी बाळगावी. जुन्या पाश्चात्त्य अभिजात रचनेवरचा हक्क संपला असला, तरी तिच्या विशिष्ट ध्वनिमुद्रणावरचा हक्क वेगळा असतो आणि तो चालू असू शकतो. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यात (निर्मात्याने काही अटींवर इतरांना दिलेल्या वापराच्या मोकळ्या परवानगीत) ‘एनडी’ (नो डेरिव्हेटिव्ह्ज, म्हणजे रूपांतर नको) ही अक्षरे असतील तर तो तुकडा लघुपटात वापरता येत नाही, कारण चालत्या चित्राशी संगीत जुळवणे हे त्या परवान्यानुसार रूपांतर ठरते. ‘एनसी’ (नॉन-कमर्शियल) असेल तर व्यावसायिक वापर करता येत नाही. तुकडा मनात भरण्याआधीच परवाना वाचावा. मी एकदा उलट क्रमाने गेलो आणि संपूर्ण शेवट पुन्हा कापावा लागला.