परसातल्या कोंबड्या आणि दाण्यावर येणारी पाखरं: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमच्या २५ गावरान कोंबड्या दिवसभर मोकळ्या असतात. सकाळी अंगणात दाणे टाकले की चिमण्या, साळुंक्या, होले उतरतात. यातून रोग येतो का? पाखरं हुसकावायची कशी?
— एक वाचक, संगमनेर

उत्तर: रोग येऊ शकतो, आणि तो येतो भांड्यातून. चिमणी चोचीने कोंबडीला काही करत नाही. ती पाण्याच्या थाळीच्या काठावर बसते, तिथेच विष्ठा टाकते आणि पाच मिनिटांनी त्याच थाळीत कोंबडी चोच घालते. काठावर पांढरे-हिरवट ओघळ दिसत असतील तर समजा की हेच चाललंय. शिवाय दुसऱ्याच्या खुराड्यातली घाण पायांना लावून पाखरं तुमच्या अंगणात उतरतात. रक्ती हगवणीचंच घ्या. चिमण्यांना होणारी हगवण कोंबड्यांना लागत नाही, पण शेजारच्या आजारी कोंबड्यांची लागण पायांवरून येऊ शकते.

काठी घेऊन मागे लागण्यात दिवस घालवू नका, दाणा उघड्यावर असेपर्यंत ती परत येणारच. दाणा आणि पाणी दोन्ही छपराखाली न्या, निम्मं काम तिथेच होतं. नुसती जाळी ताणली तर पाखरं जाळीवर बसतात आणि विष्ठा खाली दाण्यात पडते. म्हणून वर पत्रा किंवा कौलंच हवीत, बाजूंना जाळी. कोंबड्यांसाठी मिळते ती एक इंची जाळी चिमणीला पुरेशी अडवत नाही, ती अंग चोरून आत शिरते. अर्ध्या इंचाची वेल्डमेश (सांधे जोडलेली ताठ तारेची जाळी) घ्या, म्हणजे मोठे उंदीरही बाहेर राहतात.

दाण्याची वेळ बदला. सकाळी खुराडं उघडण्याआधी आतच थोडा दाणा द्या आणि मुख्य दाणा दिवेलागणीला, कोंबड्या आत आल्यावर. तोवर चिमण्या-साळुंक्या झाडांवर परतलेल्या असतात आणि दाण्याच्या ओढीने कोंबड्याही वेळेवर घरी येतात. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीला वरून ५०-६० ग्रॅम दाणा पुरे. पंधरा-वीस मिनिटांत संपेल इतकाच टाका, उरलेला झाडून घ्या. पैशांचा हिशेबही करा: एक चिमणी दिवसाला पाच-सहा ग्रॅम धान्य खाते. ३० चिमण्या म्हणजे तीन कोंबड्यांचा दाणा रोज जातो.

पाण्यासाठी थाळीऐवजी निपल, म्हणजे चोचीने दाबलं की थेंब सोडणारी तोटी, लावा, ८-१० कोंबड्यांमागे एक. कोंबडीला मान थोडी वर करावी लागेल इतक्या उंचीवर टांगा. बोअरच्या क्षाराने निपल अडकतं आणि बाहेरून कळत नाही, उन्हाळ्यात तर एका दुपारीत कोंबड्या मरतात. रोज सकाळी प्रत्येक निपल बोटाने दाबून थेंब पडतो का ते पाहाच.

प्रश्न: गोठ्यावरच्या पारव्यांपैकी एक मान पिळल्यासारखी करून गोल फिरत होता. कोंबड्यांना धोका आहे का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर: आहे. मानमोडी, म्हणजे राणीखेत, ज्या विषाणूने होते त्याचाच एक प्रकार पारव्यांत असतो आणि त्याची लक्षणं हीच. पारवे आणि कोंबड्या एका भांड्यात खात-पीत असतील तर आजच बंद करा. मानमोडीवर औषध नाही, लसच आहे. पिल्लांना सातव्या दिवशी लासोटा या लसीचा एक थेंब डोळ्यात, २८ व्या दिवसाच्या सुमारास पुन्हा लासोटा आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी ही जास्त कडक लस, अर्धा मिली पंखाखाली कातडीत टोचून. आर-टू-बी लहान किंवा आजारी पक्ष्याला देऊ नका, सोसत नाही.

लस वाया जाते ती बहुतेक वेळा आपल्याच हातून. दुकानातून घरी आणताना बर्फ नसतो, किंवा लासोटा पाण्यातून देताना त्यात ब्लीचिंग पावडर असते आणि लसच मरते. कालवलेली लस दोन तासांत संपवायची असते. कुपी १०० पक्ष्यांची आणि कोंबड्या २५, तेव्हा वस्तीतल्या चार घरांनी एकाच सकाळी, ऊन चढायच्या आत लस द्यावी. शेजारच्या कोंबड्या बिनलशीच्या राहिल्या तर तुमच्याही धोक्यात राहतात.

प्रश्न: खुराड्याच्या वळचणीला चिमण्यांची घरटी आहेत. काढून टाकावीत का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर: पिल्लं असतील तर आता नको. अंड्यातून बाहेर आल्यावर साधारण पंधरा दिवसांत ती उडून जातात, तेवढं थांबा. मग रिकामं घरटं काढून जाळा आणि भोक बुजवा, कारण घरट्यातले खसखशीएवढे रक्तपिपासू किडे पिल्लं उडाली की खाली कोंबड्यांवर उतरतात. रात्री बॅटरी घेऊन बसायच्या दांडीची टोकं आणि खाचा पाहा, लाल ठिपके हलताना दिसले तर दांडी उकळत्या पाण्याने धुऊन चुना लावा. चिमण्यांसाठी लाकडी पेटी घराच्या दुसऱ्या बाजूला टांगा. त्यांना आपल्या अंगणात जागा हवीच, फक्त खुराड्यावर नको.

प्रश्न: अंगणात मेलेला कावळा सापडला. पुरून टाकू का?
— एक वाचक, पाथरी

उत्तर: हात लावू नका, बर्ड फ्लू असू शकतो. त्यावर पाटी पालथी घालून दगड ठेवा, म्हणजे कुत्रं ओढणार नाही. कोंबड्या कोंडा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या फोन क्रमांकावर कळवा. तारेचा झटका लागूनही कावळा मरतो, पण ते आपण ठरवायचं नाही. जानेवारी २०२१ मध्ये राजस्थान, मध्य प्रदेशात कावळे मरत होते आणि त्याच महिन्यात परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला कोंबड्यांत बर्ड फ्लू निघाला. लपवण्यात नुकसानच आहे, कारण भरपाई सरकारने मारलेल्या पक्ष्यांची मिळते, आधीच मेलेल्यांची नाही.

प्रश्न: कोंबड्यांच्या दाण्यावर मोर येतात. येऊ द्यावेत का?
— एक वाचक, शिरूर

उत्तर: नका येऊ देऊ, मोरांसाठीच. कोंबडीच्या आतड्यातल्या बारीक जंतांच्या अंड्यांतून एक परजीवी मोराच्या पोटात जातो. कोंबडी तो बहुधा पचवते, मोराचं यकृत मात्र सडतं. कोंबड्यांना दर तीन महिन्यांनी जंतनाशक द्या आणि दाणा आतच ठेवा.