बोसा नोव्हा आवडतं, पण सांबा म्हणजे नुसता गलका वाटतो. ब्राझीलचं संगीत कुठून ऐकायला घेऊ?

तुम्ही विचारलंय की कॅफेत कानावर पडणारं बोसा नोव्हा आवडतं, पण सांबा लावला की ढोलांचा गलका वाटतो; मग या दोघांचं नातं काय, आणि सुरुवात कुठून करायची. नातं अगदी सख्खं आहे. बोसा नोव्हा म्हणजे सांबाच, फक्त आवाज खाली आणून एका गिटारवर घेतलेला. हे मला उमगलं ते तबल्यामुळे.

शाळेत असताना मी काही वर्षं तबला शिकलो. तेव्हापासून कुठलंही गाणं लागलं की हात आपोआप सम शोधायला लागतो. सांबा ऐकताना मात्र सम दर वेळी हुकायची. पुढे सुर्दोकडे लक्ष देऊन ऐकलं तेव्हा कारण कळलं. सुर्दो म्हणजे सांबातला सगळ्यात मोठा, खर्जातला ढोल. हिशोब दोन मात्रांचा. पहिल्या मात्रेला ठोका दाबलेला, बंद. दुसऱ्या मात्रेला खुला, घुमणारा. सगळं वजन दुसरीवर! आपला कान पहिलीवर जोर धरून बसतो आणि तिथेच फसतो. टेबलावर करून बघा. ‘एक’ला तळहात दाबून ठेवा, ‘दोन’ला मोकळी थाप द्या. दोन-तीन मिनिटं हे करत सांबा ऐका, गलक्यातून एकेक वाद्य सुटं व्हायला लागेल.

हा ठोका रिओचा. १८८८ मध्ये ब्राझीलमधली गुलामगिरी कायद्याने संपली. त्याच्या आगेमागे बाहिया प्रांतातली बरीच कृष्णवर्णीय कुटुंबं रिओत येऊन राहिली. त्यातल्याच तिया सियाता, म्हणजे सियातामावशी. मिठाई विकायच्या, आणि घरी गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा राबता. पुढच्या खोलीत शोरो, म्हणजे बासरी-गिटारचं नाजूक वादन, आणि मागच्या अंगणात सांबा, असं त्या घराचं वर्णन करतात. त्या बैठकीतल्या दोंगाने १९१६ मध्ये ‘पेलो तेलेफोने’ हे गाणं स्वतःच्या नावावर नोंदवलं आणि सांबा रेकॉर्डवर आला. पण रस्त्यावरून चालत गायचा सांबा घडला तो एस्तासिओ वस्तीत, १९२८ च्या सुमारास, इस्माएल सिल्व्हा आणि त्याच्या मंडळातल्या सोबत्यांच्या हातून. मिरवणुकीत मागच्यांनाही ठोका ऐकू जायला हवा होता. त्यांच्यातल्या बिडेने लोण्याच्या मोठ्या डब्याला कातडं लावून सुर्दो बनवला, असं सांगतात.

त्याच वर्षी मांगेइरा टेकडीवरच्या वस्तीत आणखी एक सांबा मंडळ उभं राहिलं. ते उभारणाऱ्यांत कार्तोला होता. सांबातला एकच माणूस ऐकायचा झाला तर मी यालाच ऐका म्हणेन. तरुणपणी त्याची गाणी मोठमोठे गायक गात होते. मग तो दिसेनासा झाला. १९५० च्या दशकात एका पत्रकाराला तो भेटला तेव्हा मोटारी धुण्याचं काम करत होता. स्वतःच्या आवाजातली पहिली एलपी निघाली १९७४ मध्ये, वयाच्या पासष्टीत! ती लावा. आवाजात कुठे तक्रार नाही, घाई नाही. शब्द दुःखाचे आणि खाली ठोका तोच, नाचायला लावणारा. मला या संगीताने धरून ठेवलं ते इथेच.

आता तुमच्या बोसा नोव्हाकडे. ते घडवणारा गायक-गिटारवादक जुआंव जिल्बेर्तो, मूळचा बाहियाचा. रिओत जम बसेना म्हणून काही काळ बहिणीकडे, दियामांतिना गावात, जाऊन राहिला. तिथे न्हाणीघरात बसून तासन्‌तास गिटार वाजवायचा, कारण तिथे आवाज छान घुमायचा. त्या बैठकीतून जे निघालं ते असं: उजव्या हाताच्या अंगठ्यात सुर्दोची चाल, आणि उरलेल्या बोटांत तांबोरिम नावाच्या चिमुकल्या ढोलकाचे आडवेतिडवे बोल. अख्खा ताफा एका पंजात! वर गळा असा, की शेजारी बसून बोलल्यासारखा. टॉम जोबीमची चाल आणि व्हिनिसियस द मोराइसचे शब्द असलेलं ‘शेगा द सौदाद’ त्याने १९५८ मध्ये गायलं. जेमतेम दोन मिनिटांचं गाणं. हेडफोन लावून फक्त अंगठा ऐका, मग फक्त गळा ऐका. गळा कधी ठोक्याच्या मागे रेंगाळतो, कधी पुढे निघून जातो, अंगठा मात्र हलत नाही. आपल्याकडे चांगला गायक लयीशी खेळतो आणि ठेका आपल्या जागी चालत राहतो, तसंच.

१९६४ च्या लष्करी उठावानंतर गाण्यांचा रंग बदलला. १९६८ मध्ये काएतानो वेलोझो, जिल्बेर्तो जिल आणि मंडळींनी ‘त्रोपिकालिया’ ही सगळ्यांची मिळून एलपी काढली, त्यात इलेक्ट्रिक गिटारही आली. वर्षअखेरीस दोघांना अटक झाली आणि पुढची दोन-अडीच वर्षं लंडनमध्ये काढावी लागली. (हाच जिल २००३ ते २००८ देशाचा सांस्कृतिक मंत्री होता.) शिको बुआर्की हा त्या काळातला माझ्या मते सगळ्यात धारदार शब्दांचा माणूस. त्याचं एक गाणं ‘कालिसे’. कालिसे म्हणजे पेला, आणि उच्चार पोर्तुगीजमधल्या ‘गप्प बस’सारखाच. १९७३ मध्ये तो आणि जिल हे गाणं रंगमंचावर गायला लागले तर माइकच बंद करण्यात आले.

शेवटी एक नाव, जे कॅफेत कधी वाजत नाही. लुईझ गोंझागा, ईशान्येकडच्या कोरड्या मुलखातल्या एशू गावचा. रिओत येऊन आधी टँगो आणि वॉल्ट्झ वाजवायचा. त्याच मुलखातल्या विद्यार्थ्यांनी म्हटलं, आपल्याकडचं काहीतरी वाजव. तिथून त्याची वाट बदलली. अकॉर्डियन, झाबुंबा ढोल आणि लोखंडी त्रिकोण, एवढ्या तीन वाद्यांवर त्याने बायाऊ, म्हणजे त्या मुलखातलं नाचाचं संगीत, उभं केलं. गायचा गुराख्याची चामडी टोपी घालून. १९४७ चं ‘आझा ब्रांका’ दुष्काळाचं गाणं आहे. पाणी नाही, घोडा तहानेने मेला, रानातलं आझा ब्रांका नावाचं पाखरूसुद्धा उडून गेलं, आणि गाणारा आपल्या माणसाला सोडून निघतो. पाऊस झाला की परत येईन म्हणतो. मी दुष्काळी माण तालुक्यातला. पोर्तुगीजचा एक शब्द येत नसताना हे गाणं पहिल्यांदा ऐकलं, अर्थ नंतर शोधला, आणि मग त्या दिवशी दुसरं काही ऐकवेना.

१९५० मध्ये त्याने पुढचं गाणं केलं, ‘आ व्होल्ता दा आझा ब्रांका’. त्यात पाऊस पडलाय, पाखरू परतलंय, आणि हाही घराकडे निघालाय. दोन्ही एकापाठोपाठ लावा.