ट्रॅकबॉल घ्यायचाय? आधी मधलं बटन बघा

या वेळी ट्रॅकबॉलवरचे, म्हणजे जागेवरून न हलवता वरचा बॉल फिरवून कर्सर नेणाऱ्या माऊसवरचे, प्रश्न इतके आलेत की बाकीचे सगळे पुढच्या अंकावर ढकललेत, आणि विचारणारे जवळपास सगळेच कॅडवर (कॉम्प्युटरवरचं ड्रॉइंग-डिझाइन) काम करणारे. तेव्हा हा अंक त्यांचा.

प्रश्न : ताई नमस्कार. मी भोसरीत मोल्ड डिझाइनला आहे, दिवसभर सॉलिडवर्क्स आणि मधेमधे टू-डीसाठी ऑटोकॅड. संध्याकाळपर्यंत उजवं मनगट आणि खांदा भरून येतो. ऑफिसात एक जण अंगठ्याने फिरवायचा ट्रॅकबॉल वापरतो, तो म्हणतो डोळे झाकून हाच घे. दुसरा म्हणतो मोठ्या बॉलवाला घे. डीपीआय किती हवा आणि कोणता घेऊ?

उत्तर : डीपीआय, म्हणजे बॉल थोडा फिरवला की कर्सर किती पळतो तो आकडा, सगळ्यात शेवटी बघा, खरं तर नाही बघितला तरी चालतंय. कॅडवाल्याने दुकानात एकच गोष्ट करून बघायची, मधलं बटन (साध्या माऊसवर चाक दाबलं की होतं ते) दाबून धरलेलं असताना बॉल आरामात फिरवता येतोय का आणि कुठल्या बोटाने. कारण तुमचं अर्धं काम तेच आहे. सॉलिडवर्क्समध्ये मधलं बटन धरून ओढलं की मॉडेल फिरतं, सोबत कंट्रोल धरला की पॅन म्हणजे चित्र बाजूला सरकतं, शिफ्ट धरला की झूम. ऑटोकॅडमध्ये तेच बटन धरलं की पॅन आणि शिफ्टसकट धरलं की ऑर्बिट, म्हणजे मॉडेल फिरवणं. साध्या माऊसला याचा विचारच करावा लागत नाही, बोट चाकावर दाबलेलं असतं आणि अख्खा हात सरकतो. ट्रॅकबॉलमध्ये हात जागच्या जागी, म्हणजे एका बोटाने दाबून धरायचं आणि दुसऱ्याने फिरवायचं, ही वाटणी नीट बसली नाही तर महिन्याभरात तो ट्रॅकबॉल ड्रॉवरमध्ये जातो, असे ड्रॉवर मी बरेच बघितलेत.

आता अंगठ्यावाले घ्या, म्हणजे लॉजिटेकचे एम५७५ आणि एमएक्स अर्गो. दोन्हीचा बॉल ३४ मिलिमीटरचा, आकार नेहमीच्या माऊससारखा, त्यामुळे सवय पटकन होते आणि म्हणूनच तुमचा मित्र खूश आहे. पण मॉडेल फिरवताना काय होतं बघा, मधलं बोट चाक दाबून धरतं, चाकाचं क्लिक जरा कडक असतं, तो जोर देताना अंगठाही आखडतो आणि मॉडेल झटके खात फिरतं. यावर उपाय आहे, डाव्या क्लिकच्या कडेला मागे-पुढे जायची जी दोन छोटी बटनं असतात त्यातल्या एकाला लॉजिटेकच्या लॉजी ऑप्शन्स प्लस सॉफ्टवेअरमधून मधलं बटन करून टाकायचं. फक्त नेमून झाल्यावर लगेच एक मोठी असेंब्ली (अनेक भाग जोडलेलं मॉडेल) उघडून बघा की बटन धरून ठेवल्यावर धरलेलंच राहतं ना, नुसतं क्लिक होऊन सुटत नाही ना. अर्गोला दोन गोष्टी जास्त आहेत, खालच्या पत्र्यामुळे तो २० अंश तिरका ठेवता येतो म्हणजे तळहात जमिनीला पूर्ण पालथा पडत नाही, आणि बॉलच्या शेजारी एक बटन आहे ते दाबलं की कर्सर हळू होतो, बारीक कडा निवडताना ते बरं पडतं.

तरीपण दिवसभर थ्री-डी करणाऱ्याला मी अंगठ्यावाला सुचवत नाही. सगळा भार एकट्या अंगठ्यावर, आणि घरी गेल्यावर तोच अंगठा मोबाईलवर! मनगटाचं दुखणं उचलून अंगठ्याच्या मुळाशी ठेवलं, यापलीकडे काही साधत नाही.

मोठ्या बॉलवाल्यांत वाटणी उलटी होते आणि तीच आपल्याला हवी आहे. केन्सिंग्टनचा एक्सपर्ट माऊस घ्या (नावात माऊस आहे पण आहे ट्रॅकबॉल), ५५ मिलिमीटरचा बॉल, चार कोपऱ्यांत चार बटनं, बॉलभोवती एक कडं फिरतं ते स्क्रोलसाठी. वरच्या डाव्या बटनाला केन्सिंग्टनवर्क्स या सॉफ्टवेअरमधून मधलं बटन नेमायचं, ते अंगठ्याने धरायचं आणि पहिली दोन-तीन बोटं बॉलवर. अंगठा नुसता दाबतो, बारीक हालचाल बोटं करतात. कोअर-कॅव्हिटी (मोल्डचे दोन भाग) उलटसुलट करून पार्टिंग लाइन, म्हणजे त्यांचा सांधा, तपासताना हा फरक पहिल्याच दिवशी कळतो. झूम कड्याने, त्यामुळे कर्सर जिथे ठेवलाय तिथेच राहतो आणि कॅडमध्ये झूम कर्सरपाशी होतो म्हणून हे महत्त्वाचं. स्लिमब्लेडला तेवढाच बॉल आहे पण कडं नाही, झूमसाठी बॉलच पिळायचा, त्यात कर्सर जरा इकडेतिकडे जातो, मला ते कॅडसाठी आवडत नाही, दिसायला मात्र तोच सगळ्यात देखणा.

तिसरा इलेकॉमचा ह्यूज. बॉल ५२ मिलिमीटरचा, तर्जनी आणि मधल्या बोटाखाली, आणि चाक चक्क अंगठ्याखाली. म्हणजे काही न नेमता पहिल्या मिनिटापासून अंगठ्याने चाक दाबून धरा नि बोटांनी फिरवा. नावाप्रमाणे आहेच मोठा, लहान हाताला कडेची बटनं पोचत नाहीत. तेव्हा तुमचा पंजा मोठा असेल तर ह्यूज, नाहीतर एक्सपर्ट. एक्सपर्ट उंच आहे, मनगट मागे वाकतं, सोबत मनगटाखाली ठेवायची गादी येते ती खोक्यात ठेवून देऊ नका. आणि बोटांना मुंग्या येत असतील किंवा रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल तर खरेदी नंतर, आधी डॉक्टर.

प्रश्न : मी नाशिकला इंटिरियरची ड्रॉइंग्ज करते, फक्त ऑटोकॅड टू-डी. मोठ्या बॉलवाले महागडे झेपणार नाहीत. एम५७५ चालेल का? ट्रॅकबॉलने रेघ सरळ येत नाही असं ऐकलंय.

उत्तर : चालेल, तुमच्यासाठी तोच. टू-डीमध्ये ओढत नेण्याचं काम कमी असतं, क्लिक करा, कर्सर न्या, परत क्लिक करा. उलट ट्रॅकबॉलचा एक फायदा इथे दिसतो, एंडपॉइंटवर (रेघेच्या टोकावर) कर्सर नेला, अंगठा उचलला, आता क्लिक करताना कर्सर हलणारच नाही कारण क्लिकचं बोट वेगळं आणि बॉल वेगळा. साध्या माऊसला क्लिक करता करता तो केसभर सरकतोच.

रेघ सरळ यायचं म्हणाल तर ती कुठल्याच माऊसने हाताने सरळ येत नाही हो, ऑर्थो आणते, म्हणजे रेघ आडवी-उभीच ठेवणारी सोय. एफ८ दाबा, भिंत जिकडे न्यायची तिकडे कर्सर अंदाजाने ढकला, ३६०० टाइप करा, एंटर. बॉलने फक्त दिशा दाखवायची, माप कीबोर्डवरून. नेमका बिंदू हवा तिथे एफ३ म्हणजे ऑस्नॅप चालू ठेवा. ट्रॅकबॉल खरा रडवतो तो हाताने वळणं काढताना, लँडस्केपची झाडं, रिव्हिजन क्लाउड (ड्रॉइंगमधला बदल दाखवणारा ढग) हाताने काढायचा असेल, असल्या कामाला जुना माऊस जवळ असू द्या, टाकून देऊ नका.

प्रश्न : ठाण्याहून लिहितोय. एक्सपर्ट घेऊन काही दिवस झाले, स्पीड निम्म्यावर आलाय. दोन मॉनिटर आहेत, कर्सर एकतर पोचत नाही नाहीतर बोल्टच्या होलावरून पुढे निघून जातो. साहेब बघतात तेव्हा लाज वाटते. परत करू का?

उत्तर : इतक्यात नको. आधी सेटिंग. बरेच जण कर्सरचा वेग खूप वाढवून ठेवतात कारण दोन स्क्रीन ओलांडायच्या असतात, मग बारीक ठिकाणी तो हातात राहत नाही. उलटं करा, मूळ वेग कमी ठेवा आणि विंडोजमधलं एनहान्स पॉइंटर प्रिसिजन चालू करा. गेम खेळणारे ते बंद करायला सांगतात, त्यांचं त्यांच्यापाशी, ट्रॅकबॉलवर ते चालूच बरं. हळू फिरवलं की कर्सर मुंगीच्या पावलाने जातो, झटक्यात फिरवलं की दुसऱ्या मॉनिटरवर. मोठा बॉल जड असतो, एक टिचकी मारून सोडला की स्वतःच फिरत राहतो, मग हव्या जागी बोट टेकवून थांबवायचा. हे जमलं की अर्धी लढाई तिथेच जिंकलात.

दुसरं, ऑटोकॅडमध्ये पिकबॉक्स नावाच्या सेटिंगचा आकडा मुळात ३ असतो, तो ५ किंवा ६ करा, वस्तू निवडायचा चौकोन मोठा होतो आणि नेम चुकला तरी रेघ पकडली जाते. झूम उड्या मारत असेल तर झूमफॅक्टर ही सेटिंग ६० वरून खाली आणा. आणि सबमिशनच्या आठवड्यात ट्रॅकबॉल शिकायला बसू नका, दोन्ही जोडून ठेवा, विंडोज दोन माऊस एकदम चालवतो, घाईच्या वेळी जुना हातात घ्या. साहेबांचं काय, त्यांनाही एकदा फिरवायला द्या म्हणजे परत हसणार नाहीत.

प्रश्न : कोल्हापूर, फाउंड्रीत पॅटर्नचं डिझाइन करतो. ट्रॅकबॉल नवीन होता तेव्हा लोण्यासारखा फिरायचा, आता अडखळतोय, कर्सर थांबून थांबून जातो. बॉल खराब झाला का?

उत्तर : बॉलला काही झालेलं नाही हो, आत मळ बसलाय, आणि फाउंड्रीची धूळ म्हटल्यावर बसणारच. बॉल बाहेर काढा, लॉजिटेकच्या अंगठ्यावाल्यांना खालून भोक असतं त्यातून पेनाच्या मागच्या टोकाने ढकलला की टुपकन वर येतो, केन्सिंग्टनचे मोठे बॉल तर नुसते उचलून निघतात. आत वाटीत तीन बारीक टिपके दिसतील, पांढरे नाहीतर लालसर, बॉल या तीनच टेकूंवर बसतो. त्यांच्याभोवती काळपट चिकट कडं जमलेलं असेल, हाताचा तेलकटपणा आणि धूळ मिळून झालेलं. ते नखाने किंवा कोरड्या कापसाच्या काडीने खरवडा, सेन्सरची छोटी काच हलकेच पुसा, बॉल मऊ फडक्याने पुसा, झालं. तुमच्याकडे आठवड्यातून एकदा तरी करावं लागेल, एसी ऑफिसात महिन्याने केलं तरी भागतं. आणि तेल, स्प्रे, ग्रीस काहीही घालू नका, मशीनवाल्या माणसाचा हात आपोआप ऑइलकॅनकडे जातो म्हणून मुद्दाम सांगतेय.

धुऊन पुसून एकदम कोरडा झालेला बॉल उलट जास्त अडखळतो, तेव्हा जुने लोक तो नाकाच्या शेंड्याला घासतात आणि परत बसवतात. हसू नका, चालतं ते. चारचौघांत करू नका एवढंच.

प्रश्न : ताई, मी सांगलीला मेकॅनिकल डिप्लोमाला आहे आणि डावखुरा आहे. दुकानदार म्हणतो डाव्या हाताचा ट्रॅकबॉल नसतोच. आणि बाबा म्हणतात ही नवी थेरं आहेत, साधा माऊस वापर.

उत्तर : असतो रे. एक्सपर्ट आणि स्लिमब्लेड दोन्ही बाजूंनी सारखेच आहेत, बटनं अदलाबदल केली की काम झालं. अंगठ्यावाला डाव्या हाताचा हवा असेल तर इलेकॉम बनवते, पण तो ऑनलाइन शोधावा लागेल आणि वॉरंटी इथे कोण देणार ते पैसे भरायच्या आधी विचारून घे. एम५७५, अर्गो, ह्यूज हे तिन्ही उजव्या हाताचे, तुझ्या कामाचे नाहीत. बाबांना सांग ट्रॅकबॉल माऊसपेक्षा जुना आहे, कॅनडाच्या नौदलाच्या डेटार नावाच्या प्रकल्पात १९५२ च्या सुमाराला तो वापरला होता आणि त्यात बॉल म्हणून चक्क बोलिंगच्या खेळातला चेंडू बसवला होता. अमेरिकन संशोधक डग्लस एंगलबार्टनी माऊस लोकांसमोर दाखवला तो १९६८ मध्ये. तरी शिकत असताना कॉलेजच्या लॅबमधला साधा माऊसही हातात बसू दे, परीक्षेला तोच मिळणार.

प्रश्न : मस्कतला पाइपिंग डिझाइनमध्ये आहे. इथे काही जणांकडे डाव्या हाताला गोल मूठ असते, स्पेसमाऊस म्हणतात. तो घेतला तर ट्रॅकबॉलची गरज राहते का?

उत्तर : ती वेगळीच चीज आहे. थ्रीडीकनेक्शनच्या स्पेसमाऊसने कर्सर हलत नाही, मॉडेल हलतं. मूठ ढकला, ओढा, उचला, दाबा, कलवा, पिळा, सहा प्रकारे. निवडायला उजव्या हातात काहीतरी लागतंच. पण दोन्ही असतील तर मी वर मधल्या बटनाबद्दल जे एवढं पुराण लावलं ते तुम्हाला लागूच नाही, फिरवण्याचं काम डाव्या हाताने उचललं, मग उजवीकडे साधा अंगठ्यावाला ट्रॅकबॉलही उत्तम चालतो. पैसे एकाच गोष्टीला असतील आणि सगळं काम मोठ्या थ्री-डी प्लांट मॉडेलमध्ये असेल तर आधी स्पेसमाऊस घ्या. कीबोर्डवरून मापं टाकताना डावा हात सारखा उचलावा लागतो ही त्याची एक कटकट, ती धरून चाला.

प्रश्न : पुण्यात आयटीने पीसी लॉक केलाय, स्वतःचा माऊस लावू देतात पण कुठलंही सॉफ्टवेअर टाकता येत नाही. मग बटनं नेमायची कशी?

उत्तर : मग नेमावी लागणार नाहीत असाच घ्यायचा. ज्याला खरं चाक आहे आणि ते दाबता येतं त्याचं मधलं बटन विंडोज आपणहून ओळखतं, म्हणजे एम५७५, अर्गो, ह्यूज. त्यातही ह्यूज बरा, त्याचा वेग ५००, १००० आणि १५०० डीपीआय असा अंगावरच्या सरकत्या खटक्याने बदलतो, सॉफ्टवेअर लागतच नाही. हौस आणि थोडी खटपट करायची तयारी असेल तर कॅनडाची प्लूपी कंपनी थ्री-डी प्रिंट केलेले ट्रॅकबॉल विकते, त्यांची बटनं घरच्या कॉम्प्युटरवर नेमली की ती ट्रॅकबॉलच्याच चिपमध्ये राहतात, ऑफिसच्या पीसीला पत्ताही लागत नाही. मागवताना कस्टम ड्यूटी धरा.

आणि यातलं काहीच जमलं नाही तर कीबोर्डवर भार टाका. ऑटोकॅडमध्ये पी एंटर म्हणजे पॅन, थ्री-डी-ओ एंटर म्हणजे ऑर्बिट, मग डावं बटन धरून फिरवा. सॉलिडवर्क्समध्ये बाणांच्या कळांनी मॉडेल फिरतं, कंट्रोल आणि बाण धरले की सरकतं, एफ दाबला की पूर्ण स्क्रीनवर बसतं. आयटीवाल्यांना एक मेल मात्र जरूर टाका, मनगट दुखतंय असं स्पष्ट लिहून आणि मॅनेजरना सीसी करून, ड्रायव्हरची परवानगी बऱ्याचदा तेवढ्यावर मिळते.