हॉलिवूडमध्ये पटकथालेखक व्हायचंय, घर तारण ठेवू का?

प्रश्न : माझा मुलगा पुण्यात बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. मार्क चांगले पडतात. पण त्याला हॉलिवूडमध्ये पटकथा लिहायच्या आहेत आणि त्यासाठी लॉस एंजलिसला दोन वर्षांचं मास्टर्स करायचं म्हणतो. मिस्टर निवृत्त झालेत. कर्ज काढायचं तर कराडचं राहतं घर तारण द्यावं लागेल. या धंद्यात पोट भरतं का? की सरळ नाही म्हणून विषय संपवू? (एक आई, कराड)

उत्तर : ताई, नमस्कार. विषय संपवू नका आणि घरही तारण देऊ नका.

आधी पोटापाण्याचं बोलू. पोट भरतं, पण पहिल्या तारखेला पगार जमा होतो तसं नाही. 1930-40 च्या काळात तिथले स्टुडिओ लेखकांना आठवड्याच्या पगारावर ठेवत. ती पद्धत कधीच मोडली. आता सगळं कामापुरत्या करारावर चालतं. पहिला खर्डा दिला की एक हप्ता, पुनर्लेखन केलं की दुसरा. पटकथा विकली की तिचा कॉपीराइट स्टुडिओचा होतो. मग त्यांना वाटलं तर तेच काम दुसऱ्या लेखकाकडे देतात, तिसऱ्याकडेही देतात. पडद्यावर नाव कुणाचं जाणार यावर वाद झाला तर लेखकांची युनियन, म्हणजे रायटर्स गिल्ड, लवाद नेमते. लवादावरचे लेखक सगळे खर्डे वाचतात, आणि त्यांच्यापुढे नावांऐवजी 'लेखक अ', 'लेखक ब' एवढंच असतं.

मुलाला एक गंमत दाखवायला सांगा. इंग्रजी सिनेमाच्या नामावलीत दोन लेखकांची नावं 'अँड'च्या चिन्हाने (&) जोडलेली असली तर ते दोघं मिळून लिहिणारे. 'अँड' अक्षरांत (and) लिहिलेलं असलं तर एकाचं काम दुसऱ्याने पुढे नेलेलं. ती दोन माणसं एकमेकांना भेटलीही नसतील. आपलं लिखाण परक्या हाती जाणं ज्याला सहन होणार नाही, त्याने या वाटेला जाऊच नये. मार्कांपेक्षा हा प्रश्न महत्त्वाचा आहे आणि त्याचं उत्तर मुलानेच द्यायचं आहे.

मालिकांचं थोडं वेगळं. तिथे सात-आठ लेखक एका खोलीत बसून भाग रचतात. नवखा माणूस बहुधा त्या खोलीचा सहायक म्हणून शिरतो आणि इतरांचं बोलणं टिपून ठेवतो. पूर्वी टीव्हीच्या एका हंगामात बावीसच्या आसपास भाग असत, म्हणजे वर्षातला बराच काळ काम असे. स्ट्रीमिंग आल्यावर हंगाम आठ-दहा भागांवर आला, खोल्या लहान झाल्या आणि कामाचे आठवडे घटले. 2023 चा संप या कारणानेही पेटला. 2 मेपासून 148 दिवस लेखकांनी लेखणी खाली ठेवली होती. त्यातून खोलीत किमान किती लेखक हवेत याचे नियम आले, आणि एआयने लिहिलेल्या मजकुराला लेखकाचं काम मानायचं नाही हेही ठरलं. युनियनची ताकद एवढी असूनही तिचे सभासद दोन कामांच्या मध्ये रिकामे बसतात, हेही तितकंच खरं.

आता डाल्टन ट्रंबो या माणसाबद्दल सांगते, कारण तुमच्या मुलाने त्याच्याबद्दल नुसतं 'ऑस्कर विजेता' एवढंच वाचलं असण्याची शक्यता आहे. जन्म 1905 चा, कोलोरॅडोचा. लॉस एंजलिसला आल्यावर वडील वारले आणि घराची जबाबदारी याच्या अंगावर पडली. जवळजवळ नऊ वर्षं त्याने एका बेकरीत रात्रपाळीला पाव गुंडाळले. त्याच काळात ऐंशीहून जास्त कथा आणि सहा कादंबऱ्या लिहिल्या. सगळ्या साभार परत. सिनेमात शिरला तो 1934 मध्ये, वॉर्नर ब्रदर्समध्ये इतरांचं लिखाण वाचून अभिप्राय देणारा म्हणून. पुढे हॉलिवूडच्या सर्वाधिक मोबदला घेणाऱ्या लेखकांत गणला गेला. 1947 मध्ये कम्युनिस्ट असल्याच्या चौकशीत उत्तरं द्यायला नकार दिला म्हणून काळ्या यादीत गेला, 1950 मध्ये तुरुंगातही जाऊन आला. मग टोपणनावांनी, मित्रांच्या नावांनी स्वस्तात लिहीत राहिला. 'रोमन हॉलिडे'च्या कथेचं ऑस्कर 1954 मध्ये मित्राच्या नावावर गेलं. ते ट्रंबोच्या पत्नीच्या हातात पडलं 1993 मध्ये, तो जाऊन सतरा वर्षं झाल्यावर.

असं राजकीय संकट तुमच्या मुलावर येईल असं मी म्हणत नाही. माझं बोट बेकरीवर आहे. रात्रीचा पगार घर चालवत होता, म्हणून नऊ वर्षं नकार पचवता आले. तुमच्या मुलाच्या हातात कॉम्प्युटरची पदवी येते आहे. पावाच्या कामापेक्षा ती केव्हाही बरी.

मास्टर्सबद्दल. लॉस एंजलिसमधल्या नामांकित विद्यापीठांत पटकथालेखन उत्तम शिकवतात, ओळखीही होतात. पण पटकथा विकत घेणारा पदवी विचारत नाही, पटकथा वाचतो. शिवाय व्हिसाचा प्रश्न आहे. अशा अभ्यासक्रमानंतर साधारण एक वर्ष तिथे काम करता येतं. पुढे एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसासाठी मालक लागतो, आणि करारावर जगणाऱ्या नवख्या लेखकाला कायमचा मालक आणणार कुठून? कलावंतांसाठीचा ओ-वन व्हिसा आहे, पण तो आधीच नाव कमावलेल्यांचा. कर्जाचे हप्ते मात्र वेळेवर सुरू होतात. आपल्याकडे 'एमएस करून फेडेल की' हे गणित सॉफ्टवेअरवाल्यांचं आहे, ते इथे लावू नका.

मग त्याने करायचं काय? नोकरी धरावी, आणि दोन वर्षांत तीन पूर्ण इंग्रजी पटकथा लिहाव्यात. पूर्ण म्हणजे शंभर-एकशेदहा पानी, तिथल्या ठरलेल्या मांडणीत, एक पान म्हणजे साधारण पडद्यावरचं एक मिनिट या हिशेबाने. गाजलेल्या सिनेमांच्या पटकथा इंटरनेटवर वाचायला मिळतात. त्या वाचाव्यात, नुसते सिनेमे बघून भागत नाही. ऑस्कर देणारी अकादमी 1986 पासून नवोदितांना निकोल फेलोशिप देते. ती परदेशी लेखकांनाही खुली आहे. प्रवेशिका घेण्याची पद्धत अलीकडे बदलली आहे, तेव्हा ताजे नियम अकादमीच्या संकेतस्थळावरच पाहावेत.

आणि तो राहतोय पुण्यात. तिथल्या एफटीआयआय या सिनेमाच्या संस्थेत पटकथालेखन शिकवतात, खर्च अमेरिकेच्या मानाने किरकोळ. मुंबईत स्क्रीनरायटर्स असोसिएशन आहे, तिथे सभासद होऊन आपली पटकथा नोंदवता येते. हे 'हॉलिवूड नाही जमलं म्हणून' असं त्याला सांगू नका, चिडेल. दृश्य कुठे सुरू करायचं आणि कुठे तोडायचं हे शिकायला लॉस एंजलिसच लागतं असं नाही.

दोन वर्षांनी तीन पटकथा हातात असतील आणि शिष्यवृत्ती किंवा फी-माफीसह प्रवेश मिळाला, तर जरूर पाठवा. तेव्हाही कर्ज त्याच्या पगाराच्या जोरावर काढावं, घराच्या नाही. आणि एकही पूर्ण झाली नसेल, तर विषय त्याने स्वतःच संपवलेला असेल, तुम्हाला वाईट व्हावं लागणार नाही. दरम्यान त्याने आधी काही लिहून ठेवलं असेल तर पहिली तीस पानं मला पाठवू दे. वाचून सविस्तर कळवते.