एमडीच्या थिसिससाठी संशोधनाचा प्रश्न कुठून आणायचा?

तुम्ही लिहिलंय की सोलापुरात मेडिसिनच्या पहिल्या वर्षाला आहात, ‘मधुमेही रुग्णांचा अभ्यास’ असं काहीतरी घेऊन गाईडकडे गेलात आणि ते म्हणाले, “हा विषय झाला, प्रश्न कुठाय?” गाईडचं बरोबर आहे. मी इथेच प्रॅक्टिस करतो, रेसिडेंटांचे सिनॉप्सिस (थिसिसचे आराखडे) वाचायला येतात. त्यातले निम्मे असेच विषय असतात, उत्तर काहीही आलं तरी कुणाच्या औषधाच्या चिठ्ठीत एक ओळ बदलत नाही.

पबमेड (वैद्यकीय शोधनिबंधांची ऑनलाइन सूची) नंतर उघडा. आधी आठवडाभर ओपीडीत एक वही ठेवा. जो सल्ला देताना तुमची तुम्हालाच खात्री नसते, किंवा जिथे दोन युनिटं एकाच आजाराला दोन तऱ्हेनं हाताळतात, ते लिहीत जा.

एक उदाहरण घेऊ. सोलापूरच्या पूर्व भागातली विडी कामगार बाई येते. मांडीवर सूप, तेंदूची पानं आणि तंबाखू घेऊन दिवसभर बसून काम. शुगर वाढलेली. आपण केसपेपरवर लिहितो, ‘रोज अर्धा तास चालणे’. तिची मजुरी हजार विड्यांमागे ठरते, अर्धा तास उठली तर तेवढ्या विड्या कमी. ती मान हलवते आणि पुढच्या वेळी शुगर तशीच. इथे प्रश्न दडलाय: तिन्ही जेवणांनंतर दहा-दहा मिनिटं चाल असं सांगितलं, तर तिला जमेल का आणि साखर उतरेल का?

आता याला पिकोच्या (PICO: रुग्ण, उपाय, तुलना, परिणाम) चौकटीत बसवा. रुग्ण कोण: टाईप २ मधुमेह असलेल्या, घरी बसून विड्या वळणाऱ्या स्त्रिया (पायाला जखम असलेल्या वगळून). काय करणार: जेवणानंतर दहा मिनिटं चालणं. कशाशी तुलना: दिवसातून एकदा अर्धा तास. काय मोजणार: जेवणानंतर दोन तासांची साखर. ही चौकट उपचाराच्या प्रश्नाला छान बसते. ‘किती जणींना आहे’ एवढंच विचारायचं असेल तर ओढूनताणून तुलना घुसडू नका.

मग पबमेड. तिथे सापडेल की न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनच्या संशोधकांनी हीच तुलना ४१ मधुमेही रुग्णांवर केली, २०१६ मध्ये छापली, आणि जेवणानंतर लगेच चालल्यावर तेव्हाची साखर सरासरी १२ टक्के कमी आढळली. इथे बरेच रेसिडेंट हिरमुसतात, ‘झालंय की हे!’ म्हणून विषय सोडतात. अहो, झालंय म्हणूनच तर तुमच्या प्रश्नाला बूड आलं. ती माणसं ज्वारीची कडक भाकरी खाऊन पुन्हा विड्या वळायला बसणारी नव्हती. त्यांना जमलं ते हिला जमेल का, हे तिथून कळत नाही.

परिणाम निवडताना घाई नको. एचबीए१सी ही रक्ततपासणी साखरेची दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते, म्हणून चार आठवड्यांनी ते तपासून हाती फारसं काही लागणार नाही. तेच मोजायचं तर किमान बारा आठवडे पाठपुरावा हवा. मग बाया तेवढ्या वेळा येतील का? त्यांची एक खेप म्हणजे बुडालेली मजुरी. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीसारख्या ठिकाणी ग्लुकोमीटर घेऊन तुम्हीच गेलात तर गोष्ट वेगळी. पीएसएमच्या (सामुदायिक वैद्यकशास्त्र विभागाच्या) सांख्यिकीतज्ज्ञांकडेही सिनॉप्सिस देण्याआधी जा, आणि साखरेत किती फरक पडला तर तुम्ही सल्ला बदलाल तो आकडा ठरवून जा. त्याशिवाय सॅम्पल साईज, म्हणजे किती रुग्ण लागतील, ते निघत नाही.

हा प्रश्न घेतलात तर ती क्लिनिकल ट्रायल ठरते. एथिक्स कमिटीची मंजुरी आणि सीटीआरआयवरची (भारतातल्या क्लिनिकल ट्रायलच्या सरकारी नोंदवहीतली) नोंदणी, दोन्ही पहिला रुग्ण घेण्याआधी. आणि संमतीपत्र मराठीबरोबर तेलुगूतही करून घ्या, पूर्व भागात त्याशिवाय भागायचं नाही.